नाक गेलं, जीभ राहिली

वाइनरीतल्या झाडून सगळ्यांच्या त्या काकी. पुतण्याच्या काकी होत्याच, पण पंपवाल्याच्या, ट्रकवाल्याच्या, तपासणीला येणाऱ्या साहेबाच्यासुद्धा काकीच. एकदा एक टक्कल पडलेला घाऊक खरेदीदार दारातूनच "काकी आहेत का?" म्हणाला, तेव्हा त्या आतून म्हणाल्या, "आहेत, आणि तुमच्यापेक्षा वयानं लहान आहेत." तो ओशाळला, आत आला, खुर्चीवर बसला आणि पुन्हा काकीच म्हणाला. असल्या माणसाचं काय करणार?

काकींचं काम मिश्रणाचं. त्या वाइनरीत फ्रान्समधल्या बोर्दोच्या जुन्या रीतीची लाल वाइन व्हायची. ऐकायला सोपी रीत आहे, पण भल्याभल्यांना पाणी पाजते. एका जातीच्या द्राक्षाची वाइन तशीच बाटलीत भरायची नाही. कॅबर्ने सोव्हिन्याँ, मर्लो, कॅबर्ने फ्रांक, प्रत्येकीची वाइन वेगळ्या लाकडी पिंपांत मुरवायची, आणि थंडी सरली की मोजपात्रं घेऊन बसायचं. कुणाचं किती घ्यायचं हे दर वर्षी नव्यानं ठरवायचं, कारण गेल्या वर्षीचं ऊन या वर्षी नसतं. एकदा ठरलं की सगळं एका मोठ्या टाकीत सोडायचं. मग ती वाइन लोक तळघरात वर्षानुवर्षं ठेवणार, मुलांच्या लग्नात उघडणार, आणि तेव्हा चांगली निघाली नाही तर वाइनरीच्या नावानं खडे फोडणार.

हे सगळं काकींना शिकवलं त्यांच्या सासऱ्यांनी. लग्न होऊन आल्या तेव्हा लाल वाइन म्हणजे टेबलक्लॉथवरचा न जाणारा डाग, एवढंच काकींना ठाऊक. सासऱ्यांनी त्यांना पिंपांसमोर उभं केलं आणि म्हणाले, "ही कॅबर्ने, म्हणजे कडक शिस्तीची सासू. ही मर्लो, सगळ्यांना पोटभर जेवू घालणारी मावशी. आणि ही फ्रांक, येताजाता टोमणा मारून जाणारी आत्या. घर नीट चालायला तिघी लागतात. एकटीच्या हातात दिलंस तर घराचा विचका." काकींना त्यांची स्वतःची सासू, मावशी आणि आत्या आठवली, आणि जे समजायचं ते एका मिनिटात समजलं.

काकींचे यजमान, म्हणजे काका, द्राक्षमळा सांभाळायचे. नाकासमोर बघून चालणारा माणूस. जन्मभर द्राक्षं पिकवली, पण वाइनचा थेंब कधी तोंडात घेतला नाही, डोकं दुखतं म्हणून. लोक हसायचे. काका म्हणायचे, "घरात एक माणूस शुद्धीवर असलेला बरा." सासरे थकले तशी मिश्रणाच्या टेबलाची मधली खुर्ची काकींकडे आली, आणि ती त्यांनी अशी सांभाळली की बघणाऱ्यानं बघत राहावं. ती खुर्ची म्हणजे काकींचा जीव की प्राण होता.

आणि त्या थंडीत काकींना ताप आला.

ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. नाक होतं तिथंच, चष्मा टेकवायला आणि पुसायला, पण आत सगळा शुकशुकाट. साबण नाही, कॉफी नाही, ओलं लाकूड नाही. डॉक्टर म्हणाले, येईल. कधी? सांगता येत नाही. येईलच ना? तेही सांगता येत नाही. काकी तिथून निघाल्या आणि रस्त्यातल्या फुलवाल्याच्या दुकानात शिरल्या, प्रत्येक बादलीत तोंड घालून हुंगून आल्या. फुलवाला बघतच राहिला. काहीसुद्धा आलं नाही. त्या घरी येऊन न्हाणीघराचं दार लावून मनसोक्त रडल्या, तोंड धुतलं, आणि कुणाला काही बोलायचं नाही असं ठरवून बाहेर आल्या.

कारण होतं पुतण्या. मोठ्या दिरांचा मुलगा, शिकून आलेला, हुशार, वागायला गोड. वाइनरीचा कारभार आता त्याच्याकडे होता. त्याच्या मनात काकींबद्दल वाईट काही नव्हतं, हेच तर दुखणं. "काकी, खूप केलंत. आता आराम करा," असं तो अगदी मनापासून म्हणायचा. आराम हा शब्द काकींना शिवीसारखा लागायचा. वास गेल्याचं कळलं असतं तर त्यानं पायाखाली उशी ठेवून, वर शाल पांघरून त्यांना खिडकीत बसवलं असतं, आणि खुर्ची अलगद काढून घेतली असती.

मग काकींनी सोंग घेतलं. ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे, आणि म्हणायचं, "ब्लॅककरंट. सोललेली पेन्सिल. जुनं कपाट." आता गंमत बघा. कॅबर्नेच्या वासाबद्दल काकी हेच शब्द इतकी वर्षं बोलत आल्या होत्या की सगळ्यांचे कान किटले होते. त्यामुळं त्या काय बोलतात याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे माना डोलवायचे आणि पुढच्या पिंपाकडे जायचे. काकींना हायसं वाटायचं, आणि मेल्याहून मेल्यासारखंही वाटायचं.

एक माणूस मात्र फसला नाही. वन्सं. काकींच्या नणंद, वाइनरीची छोटी प्रयोगशाळा बघायच्या. कमी बोलायच्या आणि बोलल्या की टोचायच्या. झालं असं की एका पिंपाला हवा लागून त्याचं व्हिनेगर होऊ घातलं होतं. वन्संना तो आंबूस भपकारा दारातच आला. आणि काकी त्याच पिंपाला टेकून पंपवाल्याशी त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल निवांत गप्पा मारत होत्या. वन्संनी ते मनात ठेवलं. दुपारी त्यांनी काकींना प्रयोगशाळेत बोलावलं आणि एक ग्लास पुढे सरकवला.

"कॅबर्ने आहे. बघ गं वहिनी, कशी झालीय."

काकींनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. "ब्लॅककरंट. सोललेली पेन्सिल. जुनं—"

"मर्लो आहे ती," वन्सं म्हणाल्या.

काकींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. चेहरा लपवायला त्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला. आणि त्या थबकल्या. दुसरा घोट घेतला. तोंडातच घोळवला.

"हो की," त्या म्हणाल्या. "मर्लोच आहे."

"मी सांगितल्यावर?"

"नाही वन्सं. ही बघा, जिभेच्या मधोमध येऊन बसलीय ऐसपैस. हिरड्यांना हात लावत नाही. कॅबर्ने असती तर गाल आत ओढले असते." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "दुसरं काहीतरी द्या. सांगू नका काय आहे ते."

वन्संनी पाठ फिरवून एक ग्लास भरला. मग आणखी एक. मग दोन्ही थोडं थोडं एकत्र करून तिसरा. काकी कुठेच चुकल्या नाहीत असं नाही. फ्रांकला एकदा कॅबर्ने म्हणाल्या आणि स्वतःवरच चिडल्या. पण मिश्रणात मर्लो जास्त की कॅबर्ने, हे त्यांनी पहिल्या घोटात सांगितलं. वन्संनी स्टूल ओढलं, बसल्या आणि म्हणाल्या, "ताप आल्यापासून ना? मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही टोचून बोलाल म्हणून."

"ते तर मी बोलणारच होते," वन्सं म्हणाल्या, आणि उठून त्यांनी काकींना जवळ घेतलं. तीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं, त्यामुळं दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून रोज दुपारी काकींच्या स्वयंपाकघरात दोघींचा क्लास भरू लागला. डोळ्यांवर स्कार्फ, समोर चहाच्या कपांची रांग, कारण वाइनचे ग्लास दिसले असते तर काका विचारत बसले असते. आधी वन्सं सगळी पिंपं हुंगून यायच्या; एखाद्याला खराब वास असेल तर ते बाजूला. उरलेल्यांचा निवाडा काकींच्या जिभेवर. कच्चं केळं खाल्ल्यावर तोंड आवळतं ना, तशी कॅबर्ने हिरड्या धरते. चांगली असेल तर हळूहळू सोडते, वाईट असेल तर चिकटून बसते. फ्रांक जिभेच्या कडांवर चुरचुरते आणि तोंडाला पाणी सुटतं. ही पकड, हा आंबटपणा, हा जडपणा काकींना पूर्वीही कळायचा. पण पूर्वी वास इतका पुढंपुढं करायचा की बाकीच्यांना बोलायला जागाच नसायची. आता वाइन सरळ तोंडात यायची, काही लपवायला तिला वाव नव्हता. काकींना वासाची आठवण अजूनही यायची, पण रोज दुपार झाली की त्यांचे पाय आपोआप कपांच्या रांगेकडं वळायचे.

एकदा काका आत डोकावले, डोळ्यांवर स्कार्फ बांधून चहाचे कप चाटणाऱ्या बायकोकडे बघितलं, आणि "चालू द्या" म्हणून मळ्यात निघून गेले.

मिश्रणाचा दिवस उजाडला. लांब टेबलावर पांढरा कागद, मोजपात्रं, चाखलेली वाइन थुंकायची बादली. मधल्या खुर्चीत काकी, एका बाजूला वन्सं, दुसऱ्या बाजूला पुतण्या आणि त्याची बायको, घरातली धाकटी सून. टोकाला सासरे, हात कापत असले तरी इस्त्रीचा शर्ट घालून. दर वर्षी काकींचं एकच मिश्रण टेबलावर यायचं आणि त्यावर चर्चा व्हायची. या वर्षी पुतण्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "काकी, राग मानू नका. मीही एक करून आणलंय."

त्याच्या ग्लासात मर्लो निम्म्याहून जास्त होती, तीही नव्या लाकडात मुरलेली. सासऱ्यांनी नुसता ग्लास नाकाशी नेला आणि त्यांचा चेहरा उजळला. सुनेनं डोळे मिटले. खुद्द वन्संनी हुंगलं आणि काकींकडे अशा काही नजरेनं बघितलं की काकी खुर्चीत सावरून बसल्या. खोलीभर घमघमाट सुटला असणार, हे काकींना सगळ्यांच्या तोंडावरून कळत होतं. मग काकींचं मिश्रण फिरलं. कॅबर्ने भरपूर, मर्लो बेताची, फ्रांकचा ठसका. कुणी नाक मुरडलं नाही, पण कुणी दुसरा घोटही घेतला नाही.

"थोडी रुक्ष वाटते," पुतण्या हळूच म्हणाला.

काकींनी त्याचा ग्लास उचलला आणि घोट घेतला. मऊ, गोड, लाघवी. पाहुण्यानं हसतहसत दारातून आत यावं आणि बसायच्या आत निघून जावं, तशी ती वाइन आली आणि गेली. मागं काहीच नाही. काकींनी पुन्हा एक घोट घेतला, कारण त्यांना पोराबद्दल वाईट वाटत होतं. पुन्हा तेच.

आता गप्प बसणं शक्य होतं. पोराचं कौतुक करून मोकळं व्हायचं, वासाचं गुपित झाकलेलं राहायचं. काकींनी ग्लास कागदावर ठेवला.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "ताप आल्यापासून. अजिबात नाही. माझं मिश्रण मी जिभेवर केलंय. आणि मी सांगते, हे टिकणारं आहे. तुझं टिकणार नाही."

सून ग्लास हातात धरून तशीच बसली. सासऱ्यांनी मान वर केली. पुतण्याचा चेहरा आधी काळजीनं भरला, मग दुखावला.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही आमच्यासमोर नाटक करत होतात."

"करत होते. ते चुकलंच माझं. त्याबद्दल तू काय बोलायचं ते बोल, ऐकून घेईन. पण या ग्लासात नाटक नाही."

"काकी, वास येत नसताना मिश्रण करायचं म्हणजे—" त्यानं मोजपात्रांकडे हात केला. "आपल्या नावावर जातं हे. वर्षाचा सगळा माल आहे."

"म्हणूनच म्हणते. दोन्ही मिश्रणं अर्धी अर्धी बाटली भरून उघडी ठेवा रविवारपर्यंत. हवा लागली की वाइन म्हातारी होते. जिच्यात दम नाही ती बसते. रविवारी जेवणाबरोबर प्यायची, बादलीत थुंकायची नाही. विकत घेणारे काय थुंकायला घेतात का? आणि माझी हरली तर ही खुर्ची तुझी. मी तोंडातून ब्र काढणार नाही."

सासऱ्यांनी टेबलावर बोटं वाजवली. "ठरलं," ते म्हणाले.

ते मधले दिवस काकींना खायला उठले. त्यांनी कपाटं आवरली, आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. वन्संना विचारलं, "खरं सांगा, त्याचा वास किती चांगला होता?" वन्संनी खरं सांगितलं, "फार." काकींनी तिसऱ्यांदा कपाटं आवरायला घेतली.

रविवारी काकींच्या घरी सगळे जमले. भाजलेलं मांस, लोण्यात परतलेले बटाटे, पाव. बाटल्या गुंडाळायचं काम काकांकडे, कारण पक्षपात करायला आधी पिता यायला हवं. त्यांनी एक बाटली निळ्या नॅपकिनमध्ये गुंडाळली, दुसरी पांढऱ्या, आणि कुठली कुणाची हे आपल्यापाशीच ठेवलं. वन्संनी आधीच सांगितलं की मी मत देणार नाही, मी फितूर आहे.

काकींनी निळ्यातला एक घोट घेतला, पांढऱ्यातला एक घोट घेतला, आणि त्यांना कळलं. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून त्या बटाट्याचे उगाच चार तुकडे करत बसल्या.

"मला निळी," सून म्हणाली. "मऊ आहे. मला अशीच आवडते." तिनं शेवटपर्यंत मत बदललं नाही, हेही सांगायला हवं.

सासरे मन लावून जेवत होते. मांसाचा तुकडा, मग पांढऱ्याचा घोट. पुन्हा तुकडा, पुन्हा घोट. त्यांनी रिकामा ग्लास काकांपुढे धरला आणि पांढऱ्या नॅपकिनकडे बोट केलं. आता सगळं पुतण्यावर आलं. तो निळीचा ग्लास हुंगत होता, कपाळाला आठ्या घालून. घोट घेतला, थोडा पाव खाल्ला, परत हुंगला. काकींना त्याच्याकडे बघवेना. मग त्यानं पांढरी घेतली. जेवण पुढं सरकलं, कुणीतरी मळ्यातल्या नव्या कुंपणाचा विषय काढला, पुतण्या बोलता बोलता हात पुढे करून पांढरी ओतून घेत राहिला. निळी त्याच्या ताटापलीकडे तशीच उभी. त्याचं त्यालाच ते मागाहून दिसलं.

"पांढरी," तो सावकाश म्हणाला. "निळीला अजून थोडा वास आहे, पण आत राम उरलेला नाही. ही मात्र... ही परवा अशी नव्हती. जेवणाबरोबर खुलत चाललीय." त्यानं ग्लास खाली ठेवला. "काका, सोडा नॅपकिन. मला कळलंय, पण सोडा."

काकांनी आधी निळा सोडला. बाटलीवर पुतण्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती. सून त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. त्याचे कान लाल झाले होते, पण तो हसला, आणि ते हसू खोटं नव्हतं.

"काकी, तुम्हाला हरवायला बसलो होतो आणि तुमचीच बाटली संपवली."

"संपव की. तुझ्यासाठीच केलीय."

सासऱ्यांनी कापऱ्या हातानं ग्लास उचलला. उजेडात धरून बघितला. "मी नसेन तेव्हाही ही असेल," ते म्हणाले, आणि काकींना म्हणाले, "माझ्या हातून इतकी चांगली एकदाही झाली नाही." सासऱ्यांनी जन्मात कुणाचं असं कौतुक केलं नव्हतं. काकींना इतका आनंद झाला, इतका, की त्यांना उठून नाचावंसं वाटलं. त्या नाचल्या नाहीत, पण त्यांनी काकांच्या पाठीत असा धपाटा घातला की काकांच्या हातातला नॅपकिन बटाट्यांवर पडला.

सोमवारी सकाळी दालनात पिंपांपासून मोठ्या टाकीपर्यंत नळ्या टाकल्या होत्या. ओल्या फरशीवर पंपवाला बटणापाशी उभा. पुतण्या काकींच्या शेजारी वही न घेता, हात मागे बांधून उभा होता. तो म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून वास मी आणि आत्या सांगतो. तोंडातलं तुम्ही. आणि आमचं-तुमचं जुळलं नाही तर..."

"तर भांडू," काकी म्हणाल्या. "पिंपासमोर, मोठ्यानं. गुपचूप काही नाही, माझंही नाही."

पंपवाल्यानं पुतण्याकडे बघितलं, कारण मालक तो. पुतण्यानं काकींकडे बोट केलं.

"सोड," काकी म्हणाल्या.

पंप घरघरला, नळ्या थरथरून फुगल्या, आणि कॅबर्ने, मर्लो, फ्रांक, सगळ्या एकाच टाकीत कोसळू लागल्या. दालनात वाइनचा वास कोंदला असणार. वन्सं डोळे मिटून उभ्या होत्या. काकींना वास आला नाही. त्यांनी टाकीच्या गार पत्र्यावर तळहात टेकला. आतली वाइन वर वर चढत होती ती त्यांच्या हाताला लागत होती. आता त्या तिघींना वेगळं करणं कुणाच्या बापालाही जमणार नव्हतं.